ज्वारीची पूर्वप्रक्रिया आणि आफ्रिकेतील पारंपरिक बिअरची गुणवत्ता

उमरेड परिसरात भाकरीचे धान्य म्हणून परिचित असलेली ज्वारी मूळची आफ्रिकेतील होय. तेथे तिच्यापासून बुर्किना फासोमध्ये ‘डोलो’, तर दक्षिण आफ्रिकेत मक्याच्या जोडीने ‘उमकोंबोथी’ ही बिअर तयार होते. या पेयांची गुणवत्ता मुख्यत्वे धान्याच्या पूर्वप्रक्रियेवर अवलंबून असते.

धान्य भिजवून सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानास मोड आणले जातात. या काळात निर्माण होणारी अमायलेज विकरे पुढे पिष्टाचे शर्करेत रूपांतर करतात. मोड अपुरे आल्यास शर्करा व पर्यायाने मद्यार्क कमी मिळतो. ते अति वाढल्यास पिष्टाचा ऱ्हास होतो. काही तपकिरी वाणांतील टॅनिन विकरांची क्रिया मंदावते. पावसात सापडून काळी पडलेली खरीप ज्वारी नीट उगवत नाही. शिवाय तिच्यात बुरशीजन्य विषांचा धोका संभवतो.

ज्वारीच्या मोडांत धुरिन हे द्रव्य असते व त्यापासून विषारी हायड्रोजन सायनाइड मुक्त होते. केवळ वाळवणे त्यावर पुरेसे नसते. वाळल्यावर कोंब व मुळे चोळून काढून टाकावी लागतात. म्हणूनच नाचणी सत्त्वाची घरगुती पद्धत ज्वारीच्या बालआहारास जशीच्या तशी लावणे योग्य ठरत नाही.