कूतचा वेढा विद्यापीठात का शिकवावा

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूत-अल-अमारा या गावी मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांनी तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. जवळजवळ पाच महिन्यांच्या वेढ्यानंतर सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली आणि त्यांतली बहुसंख्य हिंदी होती. त्या फौजेचे नावच सहावी पूना डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी, म्हणजे आजच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पूर्वज, तिच्यात होत्या. तरीही इतिहास घेऊन पदवीधर झालेल्या आपल्या मुलामुलींना कूतचे नाव क्वचितच ठाऊक असते. पाठ्यपुस्तकातले पहिले महायुद्ध साराजेव्होहून निघते आणि व्हर्सायला पोचते. कूतजवळून वाहणाऱ्या टायग्रिस नदीच्या काठाने ते जात नाही. याचे मूळ मला विषयांच्या वाटणीत दिसते. लढाई सैनिकी प्रबोधिनीने शिकवायची, तह आणि मुत्सद्देगिरी विद्यापीठाने. या वाटणीने दोन्ही बाजूंचे ज्ञान अर्धे राहते.

कूतचा पराभव नुसत्या रणांगणावरून समजून घ्यायला जा, हाती फक्त टाउनशेंडची महत्त्वाकांक्षा लागते. ती होतीच. पण नोव्हेंबर १९१५ मध्ये त्याची फौज बगदादच्या इतक्या जवळ, टेसिफोनपर्यंत, का ढकलली गेली, याचे उत्तर तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत आहे. तिथे मोहीम फसत चालली होती आणि लंडनच्या मंत्रिमंडळाला पूर्वेकडे पत राखणारा विजय हवा होता. मेसोपोटेमियाची मोहीम चालवत होते हिंदुस्थान सरकार, तेही काटकसरीने. बसऱ्याला धड धक्के नव्हते, रेल्वे नव्हती, नदीत चालणाऱ्या उथळ बोटी मोजक्या होत्या. टेसिफोनला चार हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीमार्गे बसऱ्याला नेताना जे हाल झाले, त्यांची पुढे ब्रिटनमध्ये लाज वाटली. वेढा फोडायला नवी कुमक बसऱ्याला उतरली, पण बोटींअभावी ती वेळेवर वर चढेना. लढाईचा निकाल खंदकाइतकाच गोदीतही लागत होता, आणि तिथला हिशेब सिमल्याच्या फायलींत सापडतो.

वेढ्याच्या आतली गोष्ट तर आणखी बोलकी आहे. अन्न संपत आले तेव्हा घोडे कापले गेले. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी ते मांस धर्माच्या आणि गावकीच्या भीतीने नाकारले. हिंदुस्थानातून धर्मगुरूंची संमती तारेने मागवली, तरी बरेच जण शेवटच्या आठवड्यांपर्यंत बधले नाहीत. गावी परतल्यावर पंगतीत कोण बसू देईल, हा प्रश्न तारेने सुटणारा नव्हता. ताज्या अन्नावाचून त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. उलट, पांढऱ्या पिठाच्या पावावर जगणाऱ्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाली, आणि शिधा बदलून त्यांना आटा मिळू लागल्यावर ती ओसरली. हे लष्करी इतिहासात मोडते की समाजाच्या, की वैद्यकाच्या? तिन्हींत, म्हणूनच त्याची जागा विद्यापीठात आहे.

परिणामही तसेच दूरवर गेले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९१७ च्या उन्हाळ्यात आला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हिंदुस्थान सरकारवर संसदेत कडक टीका करणारे एडविन माँटेग्यू त्यांच्या जागी आले आणि २० ऑगस्ट १९१७ ची जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा त्यांनी केली. त्या घोषणेची चर्चा आधीपासून सुरू होती, हे खरे. ती केवळ कूतमुळे झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती कोणाच्या तोंडून आणि कोणत्या हवेत झाली, हे या पराभवावाचून सांगता येत नाही. त्या घोषणेतून पुढे आलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला हा दुवा मिळायलाच हवा.

युद्धाचा अभ्यास युद्धाचे गोडवे गातो, असा आक्षेप नेहमी येतो. गोडवे गाणारे लेखन भरपूर आहे, हे मान्य. पण त्यावर उतारा अभ्यास टाळण्यात नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्ध-अभ्यास विभाग उभारणारे मायकेल हॉवर्ड स्वतः दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. युद्धाचा इतिहास अनेक काळांवर पसरून, खोलात जाऊन आणि समाज-राजकारणाच्या संदर्भात वाचावा, असा त्यांचा आग्रह होता. त्याविना तो दंतकथा होतो, हे त्यांनी ओळखले होते. आपल्याकडेही ही वाट अनोळखी नाही. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरचा ग्रंथ १९२८ चा, आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचे पानिपतवरचे पुस्तक डेक्कन कॉलेजने १९४६ मध्ये काढले. पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे. उणीव आहे ती इतिहास विभागाशी त्याच्या घट्ट सांध्याची.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शिपाई लिहीत नव्हता, मग त्याचा इतिहास लिहायचा कशावरून? मोबर्लीने मेसोपोटेमियाचा अधिकृत इतिहास चार खंडांत लिहिला, पण तो वरिष्ठांच्या कागदांवर उभा आहे. इथेच भाषा कामाला येते. कूतमध्ये कैद झालेले रुग्णसेवक शिशिर सर्वाधिकारी यांनी ‘अभि ले बगदाद’ हे आठवणींचे पुस्तक बंगालीत लिहिले, आणि साहेबांच्या अहवालांत न दिसणारी कैद त्यात दिसते. पलीकडच्या बाजूला तुर्कस्तानात कूत हा अभिमानाचा विजय आहे. तिथला सेनापती हलील पाशा याने पुढे आडनावच ‘कूत’ घेतले. त्याच्या लष्कराचे कागद ऑटोमन तुर्की लिपीत आहेत. मोडी वाचायला शिकणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती लिपीही शिकण्याची सोय पुण्या-मुंबईत झाली, तर पूना डिव्हिजनची हकीकत दोन्ही खंदकांतून तपासता येईल.