फुफींचा घास

इफ्तारला वीस मिनिटं उरली होती. दस्तरख्वानावर खजूर, भजी, कलिंगडाच्या फोडी मांडून झाल्या होत्या आणि आतल्या खोलीत दबक्या आवाजात भांडण चाललं होतं.

आमच्या फुफी नव्वदीच्या. आठवडाभर अन्नाला तोंड लावत नव्हत्या. चमचा ओठाशी नेला की मान फिरवायच्या. मुंबईहून आलेला थोरला मुलगा म्हणाला, "नाकातून नळी घालू या. अम्मीला उपाशी मारायचं का?" चार वर्षं त्यांचं सगळं करणारी आपा म्हणाली, "भाई, अम्मी उपाशी नाही, थकलीय." (लांबून येणाऱ्यालाच घाई जास्त असते, हे मी मनातच ठेवलं.)

रोज्यांचा प्रश्न सोपा होता. आजारी माणसाला कुराणानेच सवलत दिली आहे. बरं होण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला दोन वेळचं जेवण द्यायचं, हा फिदया. तो आपानं पहिल्याच दिवशी दिला होता. तरी फुफी अर्धवट गुंगीत विचारत, "सहरीला उठवलं नाही का गं?"

अवघड होतं ते नळीचं. डॉक्टरांनी समजावलं. गिळण्याची ताकद गेली की घास श्वासनलिकेत उतरतो, त्यातून न्यूमोनिया होतो. नळीनेही हा धोका पुरता टळत नाही. पक्षाघातातून सावरणाऱ्याला हीच नळी जगवते, पण शरीरच बंद पडत आलं की भूकही जाते. अशा माणसाचे हात बांधून नळी ठेवायची वेळ येते, हे ऐकल्यावर भाई गप्प झाला. आजाऱ्यावर खाण्यापिण्याची बळजबरी करू नये, असं तिर्मिजीच्या हदीस संग्रहातही आहे. आपानं ते सांगितलं तेव्हा तो चिडलाच, "आता मला हदीस शिकवणार?"

खरं तर फुफींनाच आधी विचारायला हवं होतं. बरं होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ मध्ये पद्धत सोपी झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. पण आमच्या घरात मरणाचा विषय काढला की "अल्लाह खैर करे" म्हणून तो मिटवतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडेही तेच. सासूबाईंच्या वेळी गंगाजळ तयार होतं, पण कुणी कुणाशी बोललं नव्हतं."

अजान झाली. आपानं कापसाचा बोळा जमजमच्या पाण्यात बुडवून फुफींच्या ओठांवर फिरवला. जीभ किंचित हलली. भाईनं वाटी धरली होती. त्याची खजूर ताटातच राहिली होती.

"अजून एकदा ओला कर," तो म्हणाला.