आपलीच समजून नेलेली वस्तू चोरीची ठरते का?

वारशाच्या वादात एक वाक्य सहज तोंडातून निघते: "तिने अम्मीच्या बांगड्या चोरल्या." रागाच्या भरात प्रकरण पोलीस ठाण्यात जाते. राहत्या घरातील चोरीला ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून कायदा चोरी कशाला म्हणतो, हे प्रत्येक घराला माहीत हवे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या कलम ३७८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३०३ मध्ये आहे. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक इराद्याने हलवणे म्हणजे चोरी. इरादाच अप्रामाणिक नसेल तर चोरी होत नाही. दुसऱ्याची वस्तू सद्भावनेने स्वतःची समजून नेणारा चोर नव्हे, असे उदाहरण खुद्द या कलमाखाली दिले आहे.

समजा, अम्मीने हयातीत मुलीला सांगितले, "या बांगड्या तुझ्या." पण त्या राहिल्या अम्मीच्याच कपाटात. मुस्लिम कायद्यात हिबा तोंडी चालतो. मात्र देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने कबूल करणे आणि ताबा देणे, या तिन्ही गोष्टी लागतात. ताबा दिला नसेल तर हिबा अपुरा ठरून बांगड्या सर्व वारसांत वाटल्या जाऊ शकतात. म्हणजे मालकीच्या दाव्यात मुलगी हरेल. तरीही मनापासून आपल्या समजून तिने त्या भावाच्या घरून नेल्या असतील, तर ती चोर ठरत नाही. हक्काची समज चुकणे वेगळे, नियत खोटी असणे वेगळे.

पण "मला माझे वाटले" एवढे म्हटल्याने सुटका होत नाही. तळ्यातील मासळीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव मान्य करतानाच सांगितले, की तशी समज खरोखर होती का, हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न आहे. म्हणून वागणूक पाहिली जाते. वस्तू उघडपणे नेली की लपून? विचारल्यावर कबूल केले की नाकारले? पावती, चिठ्ठी, साक्षीदार आहे का?

उलट, मालक स्वतःच्या वस्तूचीही चोरी करू शकतो. दुरुस्तीचे पैसे थकल्यामुळे घड्याळजीने हक्काने अडवून ठेवलेले आपले घड्याळ, त्याचे ते तारण बुडवण्याच्या इराद्याने उचलून आणले, तर कायद्याने ती चोरीच आहे.

तेव्हा मुलीला दागिना द्यायचा असेल तर चार माणसांसमोर तिच्या हातात द्या आणि दोन ओळी लिहून ठेवा. वारशाची वाटणी लांबणीवर टाकू नका. आणि बहिणीविरुद्ध तक्रार लिहिण्याआधी तिला एवढेच विचारा: "ही वस्तू तुला तुझी का वाटली?" तिचे उत्तर ऐकल्यावर कदाचित पोलीस ठाण्याऐवजी घरातल्या वडीलधाऱ्यांकडे जावेसे वाटेल.