कँथल: तापतारेची एक मिश्रधातू

विद्युत्-भट्टीतील तारेची रोधकता मोठी असावी आणि लालबुंद अवस्थेत हवेने तिचा क्षय होऊ नये, अशी अपेक्षा असते. अल्बर्ट मार्श यांनी १९०६ साली एकस्व मिळविलेली निकेल-क्रोमियम मिश्रधातू सुमारे १२००° सें.पर्यंत ती पुरी करते. स्वीडनमधील हान्स फॉन कांट्झोव्ह यांनी १९२०च्या दशकात सिद्ध केलेल्या कँथलची मर्यादा सुमारे १४००° सें. आहे. तिच्यात लोह, सुमारे २२ टक्के क्रोमियम व ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असते.

या फरकाचे मूळ पृष्ठभागावरील थरात आहे. निकेल-क्रोमियमवरील क्रोमियम ऑक्साइड अतिउच्च तापमानास बाष्परूपाने झिजते. कँथलवरील अ‍ॅल्युमिनाचा थर मंदगतीने वाढतो व टिकून राहतो. त्यास भेग पडल्यास आतील अ‍ॅल्युमिनियम ती भरून काढते. हा साठा सरला, की लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तार जळते.

परंतु दीर्घ तापनाने कँथलचे स्फटिककण वाढतात आणि थंड तार ठिसूळ होते. म्हणून वेटोळ्यास आकार प्रथम तापविण्यापूर्वीच द्यावा; वापरलेले वेटोळे ताणू नये. तप्तावस्थेत तार मऊ पडते, म्हणून तिला सलग आधार द्यावा.