विरजणाचे दही कुठून आले?

दुधाला विरजण लावायचे तर आधी दही लागते. कंपायलरचे नेमके हेच आहे. माणसाला वाचता येणारा सोर्स कोड यंत्राच्या आकड्यांत उतरवणारा हा प्रोग्रॅम. पण तो स्वतःही सोर्स कोडच्या रूपात लिहिलेला असल्याने तो बांधायला आधीचा कंपायलर हवा. (या क्षेत्रातली मंडळीही दह्याचाच दाखला देतात, त्यांना तो समजावून सांगावा लागतो, आपल्याला नाही.)

यातला धोका युनिक्सचे एक कर्ते केन टॉम्प्सन यांनी १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवला. कंपायलरच्या तयार बायनरीत एकदा चोरवाट घातली, की त्यातून बांधलेल्या प्रत्येक पिढीत ती उतरू शकते आणि सोर्स कोडमध्ये तिचा मागमूसही राहत नाही. 'आमचा कोड सर्वांना खुला आहे' एवढ्याने भागत नाही, ते यामुळे.

ग्नू गीक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजे बांधणाऱ्यांनी हा प्रश्न मुळाशी नेला. सुरुवातीला तिथेही सुमारे २५० मेगाबाइट आयत्या बायनरींवर सारा डोलारा उभा होता. तो पाया टप्प्याटप्प्याने घटत एप्रिल २०२३ मध्ये ३५७ बाइटांवर आला. 'हेक्स-शून्य' नावाचा हा प्रोग्रॅम एवढेच करतो: षोडशमान अंकांच्या जोड्या वाचायच्या, टिपा गाळायच्या, उरलेले बाइट लिहून काढायचे. त्याचे सगळे मिळून ७१४ अंक होतात. मी ते वहीत उतरवले तेव्हा एक पान पुरले.

त्यातून थोडा शहाणा असेंब्लर, त्यातून सी भाषेचा तुकडा समजणारा कंपायलर, मग मेस, मग टायनीसीसी. इथून थेट आजच्या जीसीसीवर उडी मारता येत नाही. जीसीसी ४.८ पासून तो बांधायला सी++ कंपायलर लागतो आणि टायनीसीसीला सी++ येत नाही. म्हणून आधी २००१ चा जीसीसी २.९५.३ बांधायचा, त्याच्याकडून ४.६.४, मग पुढचे. जुन्या आवृत्त्या कोणीतरी जपून ठेवल्या म्हणूनच हा जिना उभा राहिला. सॉफ्टवेअरच्या दफ्तरखान्याला आपण अडगळ समजतो, ते मला पटत नाही.

काम पुरे झालेले नव्हते. त्या टप्प्यावरही बांधकामावर देखरेख करणारा गाइल हा प्रोग्रॅम आयती बायनरीच होता, खाली लिनक्सचा गाभा तसाच, आणि चिप तर दुसऱ्याच कोणाच्या कारखान्यातली.