व्हॅरम पर्सी : एका उजाड खेड्याचे नाव व इतिहास

इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात, खडूच्या टेकड्यांमधील एका दरीच्या काठावर, व्हॅरम पर्सी ह्या खेड्याचे अवशेष आहेत. ‘व्हॅरम’ हे ‘कढई’ वा ‘हंडा’ ह्या अर्थाच्या जुन्या शब्दाच्या चतुर्थीचे अनेकवचन मानले जाते. ‘कढयांपाशी’ असा त्याचा अर्थ होतो व तो दरीच्या खोलगट आकारास अनुलक्षून असावा. प्राचीन इंग्रजीतील ही विभक्ती बोलण्यातून केव्हाच लोपली. ग्रामनामात तिचा ठसा राहिला. ‘पर्सी’ हे नॉर्मन जमीनदार घराण्याचे नाव. शेजारच्या व्हॅरम-ल-स्ट्रीटपासून हे गाव वेगळे ओळखण्यास ते उपयोगी पडले.

१३४८-४९ च्या महामारीने असली खेडी ओस पडली, ही समजूत अद्यापि प्रचलित आहे. येथे तरी ती टिकत नाही. महामारीनंतर शतकाहून अधिक काळ गाव नांदते होते. पुढे लोकरीचा व्यापार किफायतशीर ठरल्याने जमीनदारांनी नांगरट मोडून मेंढ्यांसाठी कुरणे केली, आणि १५०० च्या सुमारास उरलीसुरली कुळे उठविली गेली. रोगापेक्षा मालकी हक्कच अधिक घातक ठरला, असे म्हणावे लागते.

अर्थेतिहासकार मॉरिस बेरेस्फर्ड व पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट ह्यांच्या पुढाकाराने १९५० ते १९९० पर्यंत येथे उत्खनन चालले. सेंट मार्टिनच्या चर्चच्या भिंती विशेष बोलक्या आहेत : वस्ती वाढली तेव्हा बाजूच्या ओवऱ्या बांधल्या, घटली तेव्हा पाडल्या. गाव उठल्यानंतरही शेजारच्या खेड्यांतील लोक प्रार्थनेस व दफनविधीस तेथेच येत असत.