साहाय्याचा हिशेब

वेस्टमिन्स्टरच्या पार्लमेंटातील मोठ्या सभागृहांत जे वादविवाद होतात त्यांचे वृत्तान्त जगभर वाचले जातात. परंतु त्याच आवारातील लहान दालनांत दहा-अकरा सभासद मेजाभोवती बसून एखाद्या मंत्र्याला किंवा खात्याच्या सचिवाला तासन्‌तास प्रश्न विचारीत असतात, त्या कामाकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच वळते. वस्तुतः निराधार, अपंग, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे आप्तजन यांच्यासाठी सरकारी खजिन्यातून जे द्रव्य बाहेर पडते, ते कोणत्या अटींनी, किती विलंबाने आणि किती सन्मानाने त्यांच्या हाती पोचते, याची खरी चौकशी व्हायची ती या दालनांतच होते.

या पद्धतीचे मूळ १८६१ सालच्या लोकलेखा समितीत आहे. ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना ती स्थापन झाली, आणि भारतीय संसदेतील लोकलेखा समिती ही तिचीच वंशज. मंजूर झालेला पैसा मंजुरीप्रमाणे आणि काटकसरीने खर्च झाला की नाही, हे पाहणे तिचे काम. पण खात्याचे धोरणच सदोष असेल तर त्याचा जाब कोणी विचारावा, या प्रश्नाला व्यवस्थित उत्तर मिळण्यास १९७९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी प्रत्येक खात्यामागे एक स्वतंत्र समिती नेमण्यात आली, आणि २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष पक्षप्रतोदांच्या मर्जीवर न राहता सभासदांच्या गुप्त मतदानाने निवडले जाऊ लागले. अशा समितीला कायदा करता येत नाही की कोणाच्या वेतनात एका पेनीची भर घालता येत नाही. माणसे व कागदपत्रे समोर बोलवावीत, जबान्या उघडपणे घ्याव्यात, अहवाल छापावा, आणि शिरस्त्याप्रमाणे दोन महिन्यांच्या मुदतीत सरकारचे उत्तर मागावे, एवढेच तिचे सामर्थ्य.

हे द्रव्य काही वेळा ज्या धर्मादाय संस्थांमार्फत पोचते, त्यांचे नियमन इंग्लंडात या समित्यांहून पुरातन आहे. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १६०१ साली, धर्मार्थ कार्ये कोणती याची जंत्री कायद्यात आली. १८५३ साली धर्मादाय आयोग स्थापन झाला. आपल्याकडे मुंबई राज्याच्या १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने निर्माण केलेले धर्मादाय आयुक्ताचे पद देवस्थानांच्या व शिक्षणसंस्थांच्या विश्वस्तांना चांगलेच परिचित आहे. लंडनचा आयोग मात्र कोणत्याही मंत्र्याच्या हाताखाली नाही. इंग्लंड व वेल्समधील सुमारे एक लाख सत्तर हजार नोंदलेल्या संस्थांवर त्याने देखरेख ठेवावी आणि त्या देखरेखीबद्दल पार्लमेंटला उत्तर द्यावे, अशी योजना आहे.

ही योजना किती तोकडी पडू शकते, हे ‘किड्स कंपनी’ या संस्थेच्या पतनाने दिसून आले. कामिला बॅटमँगेलिज या बाईंनी १९९६ साली दक्षिण लंडनमधील उपेक्षित मुलांसाठी ती काढली. बाईंच्या ठिकाणी लोकांना भारून टाकण्याची शक्ती होती, आणि मजूर व हुजूर या दोन्ही पक्षांच्या पंतप्रधानांच्या राजवटीत मध्यवर्ती सरकारने संस्थेला मिळून किमान ४ कोटी २० लाख पौंड दिले. अधिकाऱ्यांनी वेळोवेळी शंका काढल्या, तरी अनुदान चालूच राहिले. २०१५ च्या उन्हाळ्यात आणखी ३० लाख पौंड देण्याचा प्रश्न आला, तेव्हा हा खर्च योग्य ठरणार नाही असे संबंधित कायम सचिवांनी लेखी कळविले. मंत्र्यांनी लेखी आज्ञा देऊन तो करविला. आणि पैसे पोचल्यावर आठवडाभरातच, ५ ऑगस्टला, संस्थेची दारे बंद झाली. लोकप्रशासन समितीने संस्थापिका आणि विश्वस्त-अध्यक्ष ॲलन येंटॉब यांना समोर बसवून सुमारे तीन तास विचारपूस केली, व फेब्रुवारी २०१६ च्या अहवालात विश्वस्त, हिशेबतपासनीस, आयोग आणि सरकारी खाती या सर्वांनाच जबाबदार धरले.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितलीच पाहिजे. विश्वस्तांना पदास अपात्र ठरविण्याची सरकारी मागणी पुढे २०२१ साली उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि संस्था बंद पडण्याच्या सुमारास तिच्यावर झालेले जे गंभीर आरोप पुढे निराधार ठरले ते झाले नसते, तर ती कदाचित तगलीही असती, असे मत न्यायमूर्तींनी नोंदविले. समिती म्हणजे न्यायासन नव्हे, आणि कॅमेऱ्यांसमोर घेतलेल्या जबानीला न्यायनिर्णयाचे वजन देणे अन्यायाचे ठरेल. तरीही सचिवाचा लेखी विरोध आणि त्यावरील मंत्र्यांची आज्ञा यांची दप्तरे समितीपुढे आणि जनतेपुढे आली, हा लाभ मी थोडा मानीत नाही.

आता याच राज्याने दुर्बलांचा हिशेब कसा ठेवला ते पाहा. घरातील रुग्णाची आठवड्याला किमान ३५ तास शुश्रूषा करणाऱ्यास तेथे शुश्रूषाभत्ता मिळतो. २०२४-२५ साली तो आठवड्याला ८१ पौंड ९० पेन्स होता, आणि तो घेणाऱ्याची मजुरी आठवड्याला १५१ पौंडांवर जाता कामा नये, अशी अट होती. मर्यादा एका पौंडाने ओलांडली तर एक पौंड कापला जात नसे. त्या आठवड्याचा संपूर्ण भत्ता बुडे. वर्षभर असे एकेक पौंड जास्त मिळविणाऱ्याकडून ५२ पौंडांच्या जादा कमाईपोटी ४,२५८ पौंडांहून अधिक रकमेची वसुली होऊ शके. आणि मजुरीची माहिती करखात्याकडून श्रम व निवृत्तिवेतन खात्याकडे येतच होती! त्या सूचनांपैकी पुष्कळशा न तपासता पडून राहिल्या, चूक महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे साचत गेली, आणि मग एके दिवशी आईची किंवा अपंग मुलाची सेवा करणाऱ्या बाईच्या हाती हजारो पौंडांचा तगादा पडला. काहींवर फौजदारी खटलेही झाले.

हे सारे २०१९ सालीच फ्रँक फील्ड यांच्या अध्यक्षतेखालील श्रम व निवृत्तिवेतन समितीने उघड केले होते. फील्ड यांचे अर्धे आयुष्य दारिद्र्याच्या प्रश्नात गेलेले. याच समितीपुढे मंत्र्यांनी ऑक्टोबर २०१७ मध्ये, साहाय्य मागणाऱ्या गरिबाला दूरध्वनीवर मिनिटाला ५५ पेन्सपर्यंत पडणारा आकार रद्द केल्याचे जाहीर केले होते. परंतु भत्त्याच्या बाबतीत आश्वासने मिळाली, आणि पाच वर्षे गेली. २०२४ साली ‘गार्डियन’ने पीडितांच्या हकिकती एकामागून एक छापल्या, तेव्हा एक लाखाहून अधिक माणसांवर असे कर्ज असल्याचे दिसून आले. मला या पाच वर्षांचाच विषाद वाटतो; कारण दोष अज्ञात नव्हता, तो छापील अहवालात, पृष्ठांकासह, उपलब्ध होता.

सरकारने मग लिझ सेस यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपविली, एप्रिल २०२५ पासून मर्यादा १९६ पौंडांवर नेली, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात चौकशीचा अहवाल आल्यावर जुनी प्रकरणे पुन्हा तपासण्याचे मान्य केले. मर्यादेपलीकडे पाऊल पडताच सारा भत्ता बुडविणारी अट मात्र या वाढीने नाहीशी झालेली नाही, आणि जुन्या वसुलीपैकी किती रक्कम प्रत्यक्ष परत गेली, हे सचिवांना पुढील बैठकांत त्याच मेजापाशी सांगावे लागणार आहे.